ऑन, इन, ॲट आणि दिवाळीचा किल्ला

२००८च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगली सोडून अमेरिकेत न्यू जर्सीला आलो, तेव्हा मी सातवीत होते. तोपर्यंतची माझी शाळा मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, त्यामुळे माझ्या चुलतबहिणीला जे पाचवीत भेटलं ते मला अक्षरओळखीबरोबरच भेटलं होतं. सहा वर्षं मला इंग्रजीत चांगले गुण मिळत होते. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा, सगळं यायचं. पण कुणीतरी समोर उभं आहे, त्याला माझ्याकडून काहीतरी खरंच जाणून घ्यायचंय आणि ते मला इंग्रजीत सांगायचंय, असा प्रसंग सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

तो पहिल्याच आठवड्यात आला. आमच्या भागातल्या शाळा लेबर डे झाला की उघडतात. लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार. त्या वर्षी तो १ तारखेला होता आणि ३ तारखेला, बुधवारी, गणेश चतुर्थी. आईनं सांगलीहून हातातल्या पिशवीतून, कपड्यांत गुंडाळून, टीचभर गणपती आणला होता. ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी नाही अशा मुलांसाठी तिकडच्या शाळेत इंग्रजीचा वेगळा तास असतो, त्याला ईएसएल म्हणतात. त्या वर्गात आम्ही अकरा जण होतो. या आठवड्यात घरी काय केलं, असं बाई एकेकाला विचारत होत्या. मला सांगायचं होतं की बुधवारी आमच्याकडे गणपती बसले. मी म्हणाले, 'इन वेन्सडे अवर गणपती सॅट.'

बाई हसल्या नाहीत, कुणीच हसलं नाही. बाईंनी फळ्यावर 'ऑन वेन्सडे' लिहिलं, ऑनखाली रेघ मारली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. गणपती कोण? ते तुमच्या घरी आले का? कुठून? आणि बसले म्हणजे कुठे बसले? त्या दहा मिनिटांत मी जेवढं इंग्रजी बोलले तेवढं त्याआधीच्या आयुष्यात बोलले नव्हते. अर्धं हातवारे करून. पण 'ऑन वेन्सडे' तेव्हापासून कधी चुकलं नाही.

त्या वर्गाच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं. बारा महिने एकाखाली एक, भिंतभर. वर्षभराचं व्याकरण बाईंनी त्या कॅलेंडरवरूनच शिकवलं. पहिलं काम असं होतं की प्रत्येकानं आपापल्या घरचे सण त्यावर लिहायचे आणि सगळ्यांना सांगायचं: कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी, किती वाजता काय करतात. महिन्याला इन, दिवसाला ऑन, घड्याळाला ॲट. मेक्सिकोच्या मुलानं १६ सप्टेंबरवर त्यांचा स्वातंत्र्यदिन लिहिला. कोरियाच्या मुलीनं चुसोक लिहिला, त्यांचा सुगीचा सण. इजिप्तच्या मुलाचे तेव्हा रोजे चालू होते आणि त्याची ईद आणि आणंदहून आलेल्या गुजराती मुलाची नवरात्र त्या वर्षी एकमेकींना खेटून आल्या होत्या. दोघांच्या चिठ्ठ्या कॅलेंडरवर एकमेकींवर चढल्या.

मला हे तीन शब्द का जड जात होते ते पुष्कळ नंतर कळलं. आपण 'दिवाळीला' म्हणतो, 'सोमवारी' म्हणतो, 'बारा वाजता' म्हणतो. शब्दाचा शेवट जिभेवर आपोआप वळतो, त्यात आपण काही निवडलं असं वाटतच नाही. इंग्रजीत तो तुकडा आधी येतो. म्हणजे 'दिवाळी' हा शब्द तोंडातून निघायच्या आधी ती दिवस आहे की महिना की घटका हे ठरवावं लागतं. नियम मला पाठ होता, पण बोलताना नियम आठवायला वेळ नसतो. आठवायचं ते कॅलेंडर, आणि चिठ्ठी कुठे चिकटवली होती ती जागा.

घरी गेल्यावर माझी वही आई वाचायची. ती मराठीतून बी.ए. झालेली होती आणि तिकडे तिला दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. बाबा सकाळी सातला जायचे. मी शाळेत शिकलेलं संध्याकाळी ओट्याशी उभी राहून तिला सांगायचे, आणि ती पोळ्या लाटता लाटता ते म्हणून बघायची.

दिवाळी २८ ऑक्टोबरला आली, मंगळवारी. शाळेला सुट्टी नव्हती. आदल्या आठवड्यात बाईंनी विचारलं होतं, तुझ्या सणात मुलं काय करतात? मी म्हणाले, फोर्ट बांधतात. त्यांना वाटलं मी चुकीचा शब्द वापरला. मग मी वहीत काढून दाखवला: डोंगर, तटबंदी, पायऱ्या, वर महाराज, खाली मावळे, गुहेत वाघ. बाई चित्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हा किल्ला आपण इथे करू या.

सांगलीला आम्ही दगड-मातीचा, वर पोतं टाकून, गेरू फासून करायचो आणि आठवडाभर आधी अळीव पेरायचो, म्हणजे दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा व्हायचा. इथे माती नव्हती. वाण्याच्या दुकानातल्या तपकिरी कागदी पिशव्या चुरगाळून, गोंद लावून आम्ही अकरा जणांनी तो टेबलावर उभा केला. हिरवळीसाठी आईनं डब्यातली मोहरी दिली, ती ओल्या कापसावर पेरली आणि ती उगवलीसुद्धा. मावळे मिळाले नाहीत. मेक्सिकोच्या मुलानं घरून प्लॅस्टिकचे सैनिक आणले, कोरियाच्या मुलीनं कागदाची दुमडून माणसं केली. शिवाजी महाराजांची मूर्ती तेवढी खरी होती, आमच्याच सामानातून आलेली.

मग बाईंनी धडा सुरू केला. महाराज कुठे आहेत? ॲट द टॉप. पहारेकरी? ॲट द गेट. वाघ? इन द केव्ह. तोफ कशावर आहे? ऑन द वॉल. दोन बुरुजांच्या मध्ये काय? तटाच्या मागे कोण लपलंय? बिट्वीन, बिहाइंड, अंडर, अक्रॉस. सांगलीच्या पुस्तकात याच शब्दांसाठी टेबल, मांजर आणि टोपली होती. मांजर टेबलाखाली आहे की वर, याचं मला काहीच वाटायचं नाही. पण वाघ गुहेबाहेर ठेवला तर मला खरंच चालणार नव्हतं. इजिप्तच्या मुलानं पहारेकरी दाराच्या आत ठेवला तेव्हा मी जागेवरून ओरडले, 'नॉट इन द गेट! ॲट द गेट!' बाईंनी त्या दिवशी माझ्या वहीवर काही लिहिलं नाही, फक्त माझं वाक्य जसंच्या तसं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. ते आठवडाभर कुणी पुसलं नाही.

लगेच शुक्रवारी हॅलोवीन होता. त्या दिवशी तिकडे मुलं वेष करून दारोदार खाऊ मागतात. त्यासाठी बाईंनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, वेष केलेल्या मुलाला त्या दिवशी 'हू आर यू' असं विचारत नाहीत, 'व्हॉट आर यू' असं विचारतात, आणि उत्तरात 'अ' लागतो: अ विच, अ पायरेट. दुसरी, दारात येणाऱ्या मुलांना घरी केलेलं काही द्यायचं नाही, कागदात बंद असलेलाच खाऊ द्यायचा. हे ऐकून आईचा चेहरा उतरला. तिनं डबाभर शंकरपाळी केली होती. पण संध्याकाळी चॉकलेटचं भांडं घेऊन तीच दारात उभी राहिली, आणि दर वेळी दार उघडून, नीट बघून विचारत होती, 'व्हॉट आर यू?' पोरं उत्तर द्यायची. तिकडे गेल्यापासून घरच्यांशिवाय इतक्या माणसांशी ती पहिल्यांदाच बोलत होती. शंकरपाळी मी सोमवारी वर्गात नेली, बाईंची परवानगी घेऊन.

नोव्हेंबर सगळा थँक्सगिव्हिंगचा. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा आभाराचा सण. भूतकाळाची अनियमित क्रियापदं बाईंनी त्या सणाच्या गोष्टीतून शिकवली. केम, ब्रॉट, सॅट, एट, गेव्ह, टुक. १६२०-२१ सालची गोष्ट: इंग्लंडहून आलेले लोक अमेरिकेत प्लिमथला उतरले, पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातले निम्मे मेले, मग तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी त्यांना मका लावायला शिकवला आणि पीक आल्यावर तीन दिवस सगळे एकत्र जेवले. बहुतेक वर्गांत गोष्ट इथे संपते. आमच्या बाईंनी संपवली नाही. इंग्रजांना मका शिकवणारा टिस्क्वांटम इंग्रजी कुठे शिकला, असं त्यांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. १६१४ साली एका इंग्रज कप्तानानं त्याला धरून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तिथून तो इंग्लंडला पोचला, तिथे भाषा शिकला, आणि १६१९ मध्ये परत आला तेव्हा त्याचं गाव रोगराईनं पूर्ण संपलेलं होतं. वर्गात आम्ही अकरा जण दुसऱ्यांच्या गावात बसून इंग्रजी शिकत होतो. त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: जमीन घेतली गेली. इंग्रजीत ते अगदी सहज होतं, द लँड वॉज टेकन. त्यांनी विचारलं, या वाक्यात कोण नाही? घेणारा नाही. पॅसिव्ह व्हॉइस मी सांगलीला पन्नास वाक्यं उलटीपालटी करून शिकले होते, पण तो कशासाठी असतो हे त्या दिवशी कळलं. वाक्यातून माणूस काढून टाकता येतो. मराठीत 'त्यांनी जमीन घेतली' म्हणतो तेव्हा क्रियापद जमिनीच्या मागे जातं, तरी 'त्यांनी' जागेवर राहतो. 'घेतली गेली' म्हणायला जीभ जरा अडखळते. मला वाटतं, ते अडखळणं चांगलं आहे. प्लिमथलाच १९७० पासून त्याच गुरुवारी तिथले मूळ लोक शोकदिन पाळतात, हेही बाईंनी सांगितलं आणि कॅलेंडरच्या त्याच चौकोनात लिहिलं.

२६ नोव्हेंबरला, बुधवारी, शाळा अर्धा दिवस होती. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग. घरी करायला एकच वाक्य दिलं होतं: आय ॲम थँकफुल फॉर, आणि पुढे रिकामी जागा. मी घरी आले तर आई टीव्हीसमोर उभी होती, हातात फोन. मुंबई दाखवत होते. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते तेव्हा तिकडे सकाळचे अकरा. माझा मामा डोंबिवलीला राहायचा आणि रोज रात्री व्हीटीहून लोकल पकडायचा. टीव्हीवर व्हीटीचाच फलाट होता. मामाचा फोन लागत नव्हता. आजीचा लागला, तिला काही माहीत नव्हतं आणि आईनंही तिला काही सांगितलं नाही. इकडे संध्याकाळ झाली, शेजारच्या घरी पाहुणे यायला लागले, केकचे, भाजलेल्या भोपळ्याचे वास येत होते. रात्री उशिरा मामाचाच फोन आला. त्या दिवशी त्याच्या साहेबांनी लवकर सोडलं होतं, तो नेहमीच्या आधीची लोकल धरून घरी पोचला होता. फोन ठेवून आई तिथेच जमिनीवर बसली.

सोमवारी वर्गात सगळ्यांनी आपापलं वाक्य वाचलं. माझी जागा कोरी होती. बाईंना बातमी माहीत होती, मी कुठली हेही माहीत होतं. त्या म्हणाल्या, नको असेल तर नको लिहूस. मी लिहिलं. पहिलं वाक्य होतं, माय अंकल वॉज सेफ. बाईंनी वाचलं आणि माझ्या शेजारी वाकून हळूच विचारलं, आत्ता कसा आहे तो? मी म्हटलं, बरा आहे. मग 'इज' लिही, त्या म्हणाल्या, 'वॉज' लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल की आता तसं नाही. मी 'वॉज' खोडला. मराठीत मला 'मामा सुखरूप होता' असंच सांगायचं होतं, कारण गोष्ट त्या रात्रीची होती. पण ते 'इज' लिहिताना मला जे वाटलं ते मी अजून विसरले नाही. खाली दुसरं वाक्य लिहिलं: आय ॲम थँकफुल दॅट ही टुक द अर्ली ट्रेन. टुक. यादीतलं शेवटचं क्रियापद.

आपण घरच्या माणसांना आभार म्हणत नाही, आईला 'तुझे आभार' म्हटलं तर ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघेल. म्हणून हा 'थँकफुल' मला आधी परका वाटत होता. त्या सोमवारनंतर वाटला नाही.

डिसेंबर फार लवकर गेला, बर्फ आणि सुट्ट्या. जानेवारीत १९ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांची सुट्टी होती आणि लगेच २० तारखेला बराक ओबामांचा शपथविधी. शाळेनं दुपारी टीव्ही लावला. वॉशिंग्टनच्या मैदानात त्या दिवशी उभी असलेली गर्दी आम्ही बघितली आणि त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, २८ ऑगस्ट १९६३ला, किंग यांनी भाषण केलं होतं तेही बाईंनी दाखवलं. मी वर्गात सांगितलं की किंग १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजींच्या खोलीपाशी, जाऊन आले होते. हे मला बाबांनी सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा बाईंना माझ्याकडून काहीतरी नवीन कळलं, आणि त्या ते लगेच लिहून घेत होत्या.

मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते 'इफ'नं. २ फेब्रुवारीला तिकडे ग्राउंडहॉग डे असतो. घुशीसारखा पण गुबगुबीत असा एक बिळात राहणारा प्राणी, त्याला पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात पहाटे बिळातून बाहेर काढतात. त्याला आपली सावली दिसली तर हिवाळा अजून सहा आठवडे चालणार, नाही दिसली तर वसंत लवकर. १८८७ पासून हे चालू आहे, जर्मनीहून आलेल्या लोकांनी आणलेली समजूत. बाईंनी वाक्य पूर्ण करायला दिलं. मी लिहिलं, इफ द ग्राउंडहॉग सॉ हिज शॅडो, विंटर विल बी लाँग. बाईंनी 'सॉ' खोडून 'सीज' केलं. मी पुन्हा दुसऱ्या वाक्यात तीच चूक केली. तिसऱ्यातही.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिनं लाटणं थांबवलं आणि म्हणाली, अगं बरोबर आहे तुझं, आपण 'दिसली तर' म्हणतो. 'दिसते तर' कुठे म्हणतो? पाऊस आला तर जाऊ नकोस. मामा भेटला तर सांग. अजून घडलेलं नाही, तरी आपण भूतकाळाचं रूप वापरतो. मी तेच इंग्रजीत नेत होते. सहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाईंना ते माहीत असणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ते सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या भाषेत 'जर' कसं म्हणता? पूर्ण तास त्यातच गेला. माझी ती चूक दोन आठवड्यांत गेली. चूक कुठून येते ते दिसलं की ती पकडता येते, असा माझा अनुभव आहे. मला इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांनी आधी मुलाची भाषा ऐकावी असं मनापासून वाटतं.

आईनं त्याच संध्याकाळी आणखी एक सांगितलं. आपल्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, बेडूक, मेंढा, गाढव, हत्ती, आणि आजोबा त्यावरून पाऊस सांगायचे. वाहन बेडूक असेल तर पाऊस चांगला. मी दुसऱ्या दिवशी इफ घालून तेवढी चार वाक्यं वर्गात म्हणाले. त्या वर्षी ग्राउंडहॉगला सावली दिसली होती. मार्चपर्यंत बर्फ होता.

'अ' आणि 'द' शेवटपर्यंत छळत राहिले. आपल्याकडे ते नाहीतच, असं मी समजून चालले होते. मग मार्चमध्ये गुढीपाडव्यावर परिच्छेद लिहिताना आई म्हणाली, आजी गोष्ट कशी सांगायची? एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा 'एक', मग 'त्या'. तेवढंच तर आहे ना? मी परिच्छेद पुन्हा लिहिला. पहिल्या ओळीत 'अ गुढी', पुढे सगळीकडे 'द गुढी'. अ स्टिक, मग द स्टिक. अ पॉट, मग द पॉट. लाल पेन फक्त दोन ठिकाणी लागलं.

त्या महिन्यात परीक्षा झाली. न्यू जर्सीत ईएसएलच्या मुलांची दरवर्षी ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं अशी चारही अंगांनी परीक्षा घेतात. बोलण्यात मी लिहिण्याच्या पुढे गेले होते, सांगलीच्या अगदी उलट.

गुढीपाडवा २७ मार्चला आला, शुक्रवारी. आईनं ठरवलं होतं की सणाला मी घरी राहायचं. शाळेत कळवायला सकाळी फोन करावा लागतो, आणि तोवर असे फोन बाबाच करायचे. त्या दिवशी बाबा गॅलरीत गुढीला साडी बांधत होते. आईनं ओल्या हातानंच फोन उचलला, नंबर लावला, आणि माझं नाव सांगून म्हणाली, शी इज ॲट होम टुडे. वी हॅव अ फेस्टिवल. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण ती क्षणभर थांबली, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं, आणि म्हणाली, 'शी विल कम ऑन मंडे.'

मग फोन ठेवला आणि चक्का फेटायला घेतला.